सतराव्या गोणीतल्या राखाडी बिया

१

समीक्षाने पातं खाली दाबलं आणि फळीच्या शंभर खळग्यांतल्या शंभर बिया एका दमात दुभंगल्या. झाकण उचलून तिने आत पाहिलं, आणि फळी घेऊन ती थेट खिडकीशी गेली. तिला वाटलं, ट्यूबलाइटच्या उजेडात रंग भलतेच दिसत असावेत.

खिडकीशीही रंग तेच राहिले.

नीट आंबवून वाळवलेली कोकोची बी आतून तपकिरी आणि भेगाळलेली असते. अर्धवट आंबली तर जांभळी राहते. मुळीच आंबली नाही, तर शाळेतल्या जुन्या पाटीसारखी राखाडी. समीक्षाने दोनदा मोजलं. तपकिरी अकरा, जांभळ्या सव्वीस, राखाडी त्रेसष्ट. याआधीच्या सोळा गोण्यांत राखाडी बियांचा आकडा तीनच्या वर कधी गेला नव्हता.

"दिपेश, ही खडवलीचीच गोणी आहे ना?"

"चिठ्ठी बघा की हेडबाई. गोणी सतरा. पेटी भरली दोन डिसेंबरला, रिकामी केली आठला." दिपेश बिया भाजायचं काम करी. समीक्षाने भिंतीवर स्वच्छतेचे बारा नियम स्वतःच्या सहीनिशी चिकटवले, त्या दिवसापासून त्याने तिचं नाव हेडबाई ठेवलं होतं. फळीकडे नजर गेली आणि त्याची थट्टा तिथेच थांबली. "आईशप्पथ! हे काय?"

डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या छोट्या गाळ्यात सहा माणसं मिळून चॉकलेट बनवत. गाळा ऐश्वर्याचा. घोडबंदर रोडवरच्या कंपनीतली नोकरी सोडून तिने हा उद्योग मांडला होता आणि त्याचे दोन नेम ती कसोशीने पाळी. कोको दलालाकडून घ्यायचा नाही, पिकवणाऱ्याला बाजाराच्या दुप्पट भाव द्यायचा. आणि ज्या हातांनी बिया आंबवल्या, त्या माणसाचं नाव प्रत्येक वडीच्या वेष्टनावर छापायचं. खडवलीच्या बिया ज्यांत होत्या, त्या वड्यांवर एकच नाव असे: हौसाबाई.

समीक्षा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. आठ महिन्यांपूर्वी इथे आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण या लोकांना शास्त्र शिकवू. मग एकदा नदीकाठच्या त्या वाडीत तिने पासष्ट वर्षांच्या हौसाबाईला बिया आंबवायच्या पेटीत कोपरापर्यंत हात खुपसून "आज सेहेचाळीस असंल" असं म्हणताना पाहिलं. थर्मामीटर लावला तर पारा सेहेचाळीसवर. तेव्हापासून तिच्या वहीत हौसाबाईसाठी वेगळी पानं होती.

ऐश्वर्याने एक बी चावली आणि लगेच थुंकली. "कच्ची आहे. आपली बी काढून दुसरी भरलीय कोणीतरी."

"ताई, थांबा जरा, आधी बघू या..."

पण ऐश्वर्याने फोन लावलासुद्धा. पलीकडे हौसाबाईचा भाऊ, वाडीचा मालक गुणाजी. "काका, तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला आणि तुम्ही फसवलंत?" एवढं एकच वाक्य ती बोलली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

तासाभराने गुणाजीच्या मुलाचा, मितेशचा, निरोप आला. समीक्षाने तो मोठ्याने वाचला.

"बापा बोलले, चोर म्हणवून घेऊन बाग ठेवायची नाय. शनिवारी करवतवाले येतील. कोकोची एकूणएक झाडं."

दोनशे ऐंशी झाडं होती. नारळाच्या सावलीत नऊ वर्षं वाढवलेली. आणि आज मंगळवार होता.

२

"बिया बदलल्या असतील तर तीनच ठिकाणी," समीक्षा म्हणाली. "इथे गाळ्यात, वाटेत टेम्पोत, नाहीतर वाडीवर."

ऐश्वर्याने हळूच दिपेशकडे पाहिलं. "मागच्या आठवड्यात तो कच्च्या बियांचा व्यापारी तुला कशाला भेटायला आलेला?"

दिपेशचा चेहरा उतरला. "बिया घेतल्या त्याच्याकडून. दोन किलो. स्वतःच्या पैशाने."

"कशासाठी?"

"घरी कढईत भाजायला." तो मान खाली घालून बोलत होता. "हात बसायला नको का ताई? शिकताना हौसामावशीच्या बिया जाळायच्या? ती म्हातारी सहा-सहा दिवस राबते त्या पेटीपाशी. मी दोन मिनिटं चुकलो की सगळं मातीत. म्हणून हलक्या मालावर प्रॅक्टिस करतो. विचारा बायकोला, घरभर धूर झाला म्हणून तिने भांडण काढलं."

ऐश्वर्याने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

समीक्षा मात्र रिकाम्या गोणीचं तोंड उजेडात धरून बसली होती. हौसाबाईचं सासर ठाण्याच्या खाडीकडचं, मिठागरात काम करणारं. मिठाच्या गोण्या शिवण्याची तिथली पद्धत तिने माहेरी परत येताना सोबत आणली होती: दाभणाचा दर तिसरा टाका उलटा फिरवायचा आणि शेवटची गाठ गोणीच्या आत सोडायची. ती गाठ बाहेरून सुटत नाही, सुतळी कापावीच लागते. आज सकाळी ती समीक्षाने स्वतः कापली होती.

"तागात दाभण गेलं की भोक राहतं," ती म्हणाली. "गोणी उसवून पुन्हा शिवली असती तर भोकांच्या दोन रांगा दिसल्या असत्या. इथे एकच आहे. टाकाही तिचाच. म्हणजे हौसाबाईने तोंड शिवल्यावर या गोणीत कोणी हात घातलेला नाही."

"मग आत कच्च्या बिया कशा आल्या?"

समीक्षाला उत्तर दिसत होतं, पण उच्चारवत नव्हतं. गोणी शिवली तेव्हा बिया कच्च्याच होत्या. आणि ज्या बाईला हात घालून पारा कळतो, तिला ते कळलं नसेल हे शक्यच नव्हतं.

३

बुधवारी सकाळी मितेश डोंबिवलीत माल सोडायला आला होता. समीक्षा त्याच्याच टेम्पोत बसून खडवलीला निघाली.

"तुम्हाला झाडं गेलेली चालतील, असं ऐकलं," तिनेच सुरुवात केली.

"सच्ची सांगू मॅडम? मला लॉन टाकायचाय. नदीकाठची जागा, लग्नाला एक नंबर. बापाला चार वर्षं बोलतोय." त्याने गिअर टाकला. "पण आत्याला लबाड बोललात ना तुम्ही लोक, ते डोक्यात गेलंय. आमची आत्या! झाडावरचं एक फळ कुणाला न विचारता खात नाय ती."

"त्या आठवड्यात पेटी तिनेच भरली?"

"मग कोण भरणार?" उत्तर जरा जास्तच चटकन आलं.

टिटवाळ्याच्या वळणावर टेम्पो उसळला आणि समोरच्या खणातून कागद खाली पडले. समीक्षाने गोळा केले. टायरचं बिल, एक लग्नपत्रिका, आणि पार्किंगच्या दोन पावत्या. दोन्ही कल्याणच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या. एक डिसेंबर. आठ डिसेंबर.

मितेशने पावत्या तिच्या हातातून ओढल्याच. "मित्राच्या आहेत."

"मित्राचे डोळे बरे आहेत ना आता?"

"मॅडम, रस्ता बघू द्या ना मला."

वाडीत शिरताना गार वाटलं. वर नारळ, त्याखाली कोको. खोडालाच लगडलेली पिवळी फळं, आणि पायाखाली पानांचा एवढा जाड थर की पावलं वाजत नव्हती. गुणाजीने इथे कधी फवारा मारला नाही. गळालेलं पान तिथेच कुजू द्यायचं आणि मातीला परत द्यायचं, एवढंच त्याचं खत. समीक्षा प्रत्येक वेळी इथली मूठभर माती हुंगत असे. आज तिला धीर झाला नाही.

ओटीवर काळा चष्मा लावून हौसाबाई बसली होती. समीक्षाच्या चपला वाजल्या तशी ती उठली आणि तिला तोंड उघडू देण्याआधीच म्हणाली,

"मीच केली बदमाशी. लिव तुज्या वहीत."

४

"काय केलंत मावशी?"

"कच्च्याच बिया वाळवल्या. कंटाळा आला मना. म्हातारी झाले. बास?"

"नाय गं आत्या!" दारातून आवाज आला. मितेशची बायको कल्पिता चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"तू गप. चुलीवर काय हाय बघ जा."

"गॅस आहे आपल्याकडे."

"मंग गॅसवर बघ!"

गुणाजी झोपाळ्यावर पाठ करून बसला होता. तो वळला नाही. "कबूल केलं ना तिने? मग झालं. शनिवारी झाडं पडतील. पुढे कुणी नाव घ्यायला नको."

समीक्षाच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की झाली. माणूस कंटाळला तर काम अर्धवट सोडतो. गोणीचा दर तिसरा टाका उलटा फिरवत बसत नाही.

"मी पेटी बघून येते," ती म्हणाली.

पेटी गोठ्यामागे, केळीच्या रांगेला लागून होती. फणसाच्या फळ्यांची, कमरेएवढी. समीक्षाने वही उघडली आणि दिसेल ते एकेक लिहीत गेली.

फळ्या पांढुरक्या. मागच्या खेपेला त्या चहाच्या डागासारख्या काळपट होत्या. वास नाही. नाक आत घातलं तरी काही नाही. पूर्वी दहा पावलांवरून शिरक्याचा, व्हिनेगरसारखा आंबूस दर्प यायचा. खिळे सगळे नारिंगी गंजलेले, आणि गंज ताजा, बोटाला लागणारा. तिने वर पाहिलं. पेटी केळीच्या पानांनी झाकतात. दर वेळी जवळच्या केळी बोडक्या झालेल्या असायच्या. आज पानं जमिनीपर्यंत लोंबत होती. महिनाभरात त्यांना विळा लागलेला नव्हता.

वाडीत चोर आलाच नव्हता. या पेटीत काहीतरी मेलं होतं.

ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. फ्रीजच्या दाराला, गणपतीच्या चुंबकाखाली, प्लास्टिकचं आवरण घातलेला एक कागद लावला होता. बारा ओळी. प्रत्येक ओळीपुढे निळ्या पेनाने बरोबरची खूण.

समीक्षाने खालची सही वाचली. सही तिचीच होती.

५

"सगळे जरा ओटीवर या," ती म्हणाली. "ऐश्वर्याताईंना फोनवर घेते. त्यांनीही ऐकलं पाहिजे."

गुणाजी आता वळला. मितेश खांबाला टेकून उभा राहिला. फोन स्पीकरवर टाकून तिने पायरीवर ठेवला.

"मावशी, तुम्ही कंटाळून काही केलं नाहीत. तुम्ही इथे नव्हताच. एक तारखेला कल्याणला तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठला पुन्हा दाखवायला गेलात. मधले दिवस तिथेच राहिलात, कारण धूर आणि धूळ डोळ्यांना चालणार नव्हती. चष्मा त्याचाच आहे."

हौसाबाईने चष्म्याला हात लावला. "शिबिराची तारीक आली. फळं तं पिकलेली, ती थांबतात होय?"

"मग पेटी वहिनींनी भरली."

कल्पिता पदराचं टोक पिळत होती. मितेश एकदम पुढे झाला. "मॅडम, तिला काय बोलायचं नाय. तिने मुद्दाम..."

"मुद्दाम काहीच नाही. उलट एवढं मनापासून कोणी केलं नसतं." समीक्षा कल्पिताकडे वळली. "वहिनी, तुम्ही पेटी ब्लीचिंग पावडरने घासलीत. फळ्या त्यानेच पांढऱ्या पडल्या, खिळे त्यानेच गंजले. केळीची पानं घेतली नाहीत, प्लास्टिक टाकलंत. हातात मोजे घातलेत. फळंही धुतली असणार."

"पावडरच्या पाण्यात," कल्पिता हळूच म्हणाली. "दोनदा. दिवाळीनंतर मी गाळ्यावर आलेले ना, तेव्हा तुमच्याकडून कागद मागून घेतलेला. बाराच्या बारा नियम पाळले मॅडम, एक पण सोडला नाही. आत्याच्या हाताची सर माझ्या हाताला नाही. म्हटलं, निदान स्वच्छतेत तरी कोणी नाव ठेवायला नको." तिचे डोळे भरून आले. "तरी का नाही झालं?"

समीक्षाला हे सांगणं परीक्षेपेक्षा कठीण गेलं.

"कारण कोको आपण आंबवत नाही. जंतू आंबवतात. ते आपण बाहेरून घालत नाही. पेटीच्या लाकडात वर्षानुवर्षं मुरलेले असतात, केळीच्या पानावर असतात, फळाच्या सालीवर, मावशींच्या हातावर. ते बियांभोवतीचा गोड गर खातात, त्याने पेटी तापते, आणि त्या उष्णतेत बी आतून बदलते. तुम्ही त्यांतला एकही जिवंत ठेवला नाहीत, कारण कागदावर तसंच लिहिलं होतं: अन्नाला लागणारी प्रत्येक वस्तू जंतुमुक्त करा. हा नियम मी मशिनसाठी लिहिला. चॉकलेट तयार होतं त्या खोलीसाठी. पेटीला लावायचा नाही, एवढी एक ओळ लिहायला मला सुचलं नाही. जंतूंवर दोन वर्षं अभ्यास केलाय मी." ती थांबली. "गुणाजीकाका, या घरात कोणी लबाडी केलेली नाही. चूक माझी आहे."

फोनमधून ऐश्वर्याचा आवाज आला. "काका, आणि माझी. न विचारता बोलले मी. माफ करा."

गुणाजीने झोपाळा पायाने थांबवला. "एक राहिलं," तो बहिणीकडे पाहत म्हणाला. "आक्का, बी वाळल्यावर गोणी तू शिवलीस. तुला कळलं नाय?"

"डोळ्याला धुकं होतं."

"नाकाला पण?"



"वास आला मना," हौसाबाई शेवटी म्हणाली. "म्हणजे नायच आला. तवाच समजले. पन ही पोर दाभण हातात देऊन इचारते, आत्या जमलं का गो? तोंड असं फुललेलं तिचं. मी बोल्ले, जमलं." तिने मान वर केली. "तं लबाडी झाली, गुणाजी. माजी झाली. त्या गोणीवर माजं नाव छापायचं नाय."

"पण करवत थांबवा ना काका," समीक्षा म्हणाली.

गुणाजी उठला. "तुझं सगळं पुस्तकातलं आहे, पोरी. पेटी मेली म्हणतेस. ती पुन्हा जिवंत झालेली मला दिसली पाहिजे. नाहीतर उद्या पुन्हा राखाडी निघेल आणि पुन्हा कोणीतरी फोन करेल. करवतवाले शनिवारी येणार म्हणजे येणार."

६

बुधवारची दुपार पेटी धुण्यात गेली. नदीचं पाणी घागरींनी ओतलं. मितेश कुरकुरत होता, पण सगळ्यांत जास्त घागरी त्यानेच आणल्या. उतरत्या उन्हात फळ्या वाळल्यावर हौसाबाईने गोठ्याच्या ओट्यावर बसूनच हुकूम सोडायला सुरुवात केली. तिला वाकायला मनाई होती.

"फळं धुवू नको. लाकडी मोगरीने फोड, सुरी नको, बी कापंल. पानं काप, ती मोठी. पुसू नको गो! धूळ ऱ्हाऊ दे तिच्यावर. आता मोजे काड."

कल्पिता थबकली. "मोजे?"

"मंग काय बोटं काडतेस?"

पांढरा बुळबुळीत गर कल्पिताच्या हातांना कोपरापर्यंत लागला. समीक्षाही बाह्या सारून शेजारी उभी राहिली. गराचा एक थेंब तिने चाटून पाहिला. सीताफळासारखा गोड, मागून आंबट. या गोडव्यावर आता कोणीतरी जगावं, एवढीच तिची इच्छा होती.

गुरुवारी सकाळी पेटी गार. संध्याकाळी कोमट, की तसं वाटलं? समीक्षा सुट्टी टाकून वाडीवरच राहिली होती. थर्मामीटर खिशात होता. पारा एकतीसवर. शुक्रवारी दुपारी चौतीस. पुस्तकाप्रमाणे या वेळेला चाळीस हवे होते. तिने आकडा कोणाला सांगितला नाही. संध्याकाळी कल्पिताने बिया खालवर केल्या, तेव्हा हौसाबाईने नुसतं नाक उडवलं.

शनिवारी दहा वाजता करवतवाले आले. तिघे जण नारळाखाली बसून तंबाखू मळू लागले. ऐश्वर्या गाडीने आली आणि तिने गुणाजीच्या पायांना हात लावला. तो "असू दे" म्हणाला, पण त्याची नजर पेटीवरून हलली नाही.

समीक्षाने थर्मामीटर काढला. हौसाबाईने तिचं मनगट धरलं.

"ती कांडी ठेव. कल्पिता, हात घाल."

"मी, आत्या?"

"माजे डोळे गेलेले दवाखान्यात, तुजा हात नाय गेला. घाल. पार तळाशी."

कल्पिताने पान सारलं. बांगड्या वर सरकवल्या. मनगट आत गेलं, कोपर गेला. तिचा चेहरा कोणालाच वाचता येईना. मग तिने हात असा काही खेचला की चार बिया उडून गुणाजीच्या धोतरावर पडल्या.

"भाजलं!"

त्याच क्षणी, पान बाजूला झाल्यामुळे, तो दर्प सगळ्यांच्या नाकात एकदम शिरला. शिरका, पिकलेलं फळ, आणि त्याखाली कुठेतरी चॉकलेट. करवतवाल्यांतला एक शिंकला. ऐश्वर्या डोळे पुसत हसत होती. मितेश बायकोचा लाल झालेला हात फुंकत होता आणि ती तो सोडवून घेत होती.

"किती असंल?" हौसाबाईने विचारलं.

कल्पिताने हाताकडे पाहिलं. "पंचेचाळीस?"

समीक्षाने आता थर्मामीटर खुपसला. पारा चव्वेचाळीस ओलांडून थरथरला. तिने वहीत आकडा लिहिला, आणि पुढे कंसात कल्पिताने सांगितलेला आकडाही.

"मावशी, या खेपेच्या वेष्टनावर काय छापू?" ऐश्वर्याने विचारलं.

"हात कुनाचा भाजला?" हौसाबाई म्हणाली. "तिचं नाव घाल. स्पेलिंग तिलाच इचार, ती शिकलेली हाय."

कल्पिता घाईघाईने पेटी झाकायला वळली आणि पानं नीट बसवत राहिली, एकेक, कडा खोचून, आतली ऊब जरासुद्धा बाहेर जाऊ नये अशी.

गुणाजीने धोतरावरच्या चारही बिया वेचल्या, पान उचलून पेटीत टाकल्या आणि करवतवाल्यांकडे गेला.

"एवढ्या लांबून आलात तर चहा घ्या," तो म्हणाला. "आणि तो विहिरीजवळचा वाळका माड तेवढा पाडून जा."